गाडीच्या लेदर सीटला तेल पाजू नका

आमच्या आजोबांचा एक नेम होता. पावसाळा संपला की माळ्यावरची कोल्हापुरी काढायची, फडक्याने पुसायची आणि रात्रभर तिला तेल पाजायचं. सकाळी पायताण मऊ आणि पुन्हा करकर वाजायला तयार. ठाण्यात आल्यावर मी पहिल्यांदा लेदर सीटांची गाडी घेतली, सेकंड हँड, बेज रंगाची, आणि तिलाही हाच नेम लावला. वाटीभर खोबरेल, जुना बनियन आणि एक रविवार. चार दिवस सीट झकास दिसल्या. मग शर्ट पाठीला चिकटायला लागला, तेलकट शिवणींत धूळ बसून काळ्या रेघा उमटल्या आणि डिसेंबरातल्या एका गार पहाटे टाक्यांच्या खाचांत तेल थिजून पांढरं झालेलं दिसलं.

चूक आजोबांची नव्हती. कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं आणि त्यावर कसलाही लेप नसतो, म्हणून ते तेल पितं. गाडीच्या सीटचं कातडं बहुधा क्रोमियमच्या क्षारांनी किंवा दुसऱ्या रसायनांनी कमावतात, वर रंगाचा थर देतात आणि त्याच्यावर पॉलियुरेथेनचा पातळ, पारदर्शक थर. सीटवरून हात फिरवता तेव्हा बोटं कातड्याला लागतच नाहीत, या वरच्या थराला लागतात. तिथे तेल पिणार कोण? ते वरच बसतं, धूळ धरतं, खवट होतं आणि पावसाळ्यात बुरशीला आयतं खाद्य मिळतं.

त्यामुळे पुढचं जवळपास सगळं काम पुसण्याचं आहे. कंडिशनर शेवटी येतो आणि लागतो थोडाच. दुकानदार तुम्हाला उलटं सांगेल.

आधी बघा, लेदर आहे का

आपल्याकडे ‘लेदर सीट’ म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं रेक्झिन असतं. अॅक्सेसरीवाल्याकडून बसवून घेतलेली कव्हरं तर हमखास. कंपनीतून आलेल्या सीटमध्येही अनेकदा फक्त बसायचा आणि टेकायचा मधला भाग खरा असतो. बाजू, मागची पाठ आणि दारावरचे पॅनेल कृत्रिम असतात. पाण्याच्या थेंबाची चाचणी इथे फसवते, कारण रेक्झिनवर आणि लेप दिलेल्या लेदरवर थेंब सारखाच टपोरा उभा राहतो.

त्यापेक्षा बोट दाबून बघा. खऱ्या कातड्यावर बोटाभोवती बारीक सुरकुत्या पसरतात. रेक्झिनला बहुधा नुसता खळगा पडतो. दुसरं म्हणजे हेडरेस्ट काढून किंवा सीटखाली हात घालून मोकळी कड शोधा. उलट्या बाजूने तंतुमय, मखमलीसारखं लागलं तर कातडं. विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन. काडी लावून वास घ्यायचा सल्ला कुणी दिला तर त्याला स्वतःच्या गाडीवर करून दाखवायला सांगा.

रेक्झिन निघालं तर वाईट वाटून घेऊ नका, काम निम्मं झालं. पुसण्याची पद्धत तीच, कंडिशनरचा खर्च वाचला. आणि थेंब उभा न राहता दोन मिनिटांत आत जिरून गडद डाग पडला, तर एक तर वरचा लेप झिजलाय किंवा तुमच्या गाडीत अॅनिलीन लेदर, म्हणजे वर रंगाचा जाड लेप न दिलेलं कातडं आहे. अॅनिलीन महागड्या गाड्यांतच असतं आणि त्याला खास त्याच्यासाठीचा क्लीनर लागतो. स्टिअरिंगवर किंवा सीटच्या मधोमध सुएडसारखं लव असलेलं कापड असेल तर तिथे क्लीनर आणि कंडिशनर दोन्ही दूर ठेवा.

सामान

लेदर क्लीनरची एक बाटली, तिच्यावर ‘पीएच न्यूट्रल’ किंवा सौम्य असं लिहिलेलं असावं. पाणी धरून बनवलेला, म्हणजे तेलकट नसलेला लेदर कंडिशनर. पाच-सहा मायक्रोफायबर कापडं, शक्यतो पांढरी, म्हणजे मळ किती निघतोय आणि सीटचा रंग तर निघत नाही ना, दोन्ही लगेच कळतं. मऊ केसांचा ब्रश; घोड्याच्या केसांचा मिळाला तर उत्तम, नाहीतर दाढीचा जुना ब्रश शिवणींसाठी छान चालतो. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आणि त्याचं चपट्या तोंडाचं नळकांडं. बस.

काय घ्यायचं नाही हे जास्त महत्त्वाचं. धुण्याच्या पावडरीचं पाणी नको: ते अल्कधर्मी असतं, पीएच १० च्या आसपास, आणि कमावलेलं कातडं स्वतः आम्लधर्मी असतं, साधारण ४ ते ५. भांडी घासायचा स्पंज नको. पांढरा ‘मॅजिक’ स्पंज तर अजिबात नको. हाताला मऊ लागला तरी तो बारीक सॅंडपेपर आहे, डागाबरोबर लेपही नेतो. बाळाचे ओले वाइप्स नकोत. आणि सॅनिटायझर. २०२० नंतर प्रत्येक गाडीत एक बाटली आली आणि वर्षभरात कितीतरी स्टिअरिंग चिकट झाली, त्यांचा वरचा थर सालपटासारखा निघाला. हात चोळून पूर्ण वाळल्यावरच स्टिअरिंग धरा.

डॅशबोर्डचं चमकवणारं पॉलिशही सीटवर नको. माझ्या गाडीला एका वॉशिंग सेंटरवाल्याने ते न विचारता चोपडलं होतं. पहिल्याच ब्रेकला मी सीटवरून पुढे घसरलो आणि बेल्टने धरलं. स्टिअरिंगला किंवा पेडलला ते लागलं असतं तर काय, हा विचार मी नंतर केला.

दिवस आणि जागा

सावली हवी आणि सीट गार हवी. उन्हात बंद गाडी तासाभरात बाहेरपेक्षा वीसेक अंशांनी तापते. तापलेल्या सीटवर क्लीनर लागल्या लागल्या वाळतो आणि मळ निघायच्या ऐवजी त्याचा पट्टा उमटतो. सकाळची वेळ, चारही दारं उघडी. दारं बराच वेळ उघडी राहणार म्हणून आतले दिवे बंद करा, नाहीतर काम संपल्यावर जंपर केबल शोधत सोसायटीभर फिरावं लागेल. पावसाळी दिवस टाळा, सीट वाळता वाळत नाहीत. माझा ठरलेला मुहूर्त म्हणजे दसऱ्याच्या आधीचा शनिवार: पाऊस ओसरलेला, ऊन कडक पण हवा कोरडी होत आलेली, आणि खंडेनवमीला गाडी पूजेसाठी काढायचीच असते.

कोरडं काम आधी

नवशिके इथे घाई करतात. आधी व्हॅक्यूम, मगच पाणी. वाळूचे कण सीटवर असताना ओलं कापड फिरवलं तर ते कण लेपावर ओरखडे काढतात. बसायची गादी आणि पाठ जिथे मिळतात ती फट बोटांनी उघडा आणि चपटं नळकांडं आत घाला. तिथे चिवड्यातले शेंगदाणे, टोलच्या पावत्या, पाच रुपयांचं नाणं आणि एखादी हरवलेली टिकली सापडेल. शिवणींवरून आधी कोरडा ब्रश, मागोमाग व्हॅक्यूम.

सीटखाली हात घालताना पिवळ्या रंगाची वायर किंवा जोड दिसला तर तो ओढू नका, हलवूही नका. ती एअरबॅगची वायरिंग असते. पुढच्या सीटच्या बाहेरच्या बाजूला ‘एअरबॅग’ असं लेबल असेल तर तो भाग भिजवायचा नाही.

कोपऱ्यात चाचणी

मागच्या सीटचा, कुणाच्या नजरेला न पडणारा एखादा खालचा कोपरा निवडा. कापडाला थोडा क्लीनर लावून पाच-सहा वेळा घासा. कापडावर करडा-तपकिरी मळ आला तर ठीक. सीटच्या रंगाचा डाग आला तर थांबा: तो क्लीनर तुमच्या लेपाला मानवत नाही किंवा कुणीतरी आधी सीट घरगुती रंगाने रंगवली आहे. सेकंड हँड गाडीत हे दुसरं कारण वाटतं तितकं दुर्मीळ नाही.

पुसणं

क्लीनर कधीही थेट सीटवर फवारू नका. ब्रशवर दोन फवारे, किंवा कापडावर. सीटला बारीक भोकं असतील, आणि विशेषतः खालून गार हवा सोडणारा पंखा असेल, तर हा नियम मोडूच नका. ओल भोकांतून फोमपर्यंत जाते आणि तिथून ती बाहेर काढायला काही उपाय नसतो.

एका वेळी एक फूट लांब-रुंद तुकडा. ब्रश हलक्या हाताने गोलगोल फिरवा, जोर लावू नका, फेसाला काम करू द्या. अर्ध्या मिनिटात पांढरा फेस मळका होतो. तो वाळायच्या आत कोरड्या कापडाने टिपून घ्या. टिपून म्हणजे टिपूनच. घासत नेलं तर तोच मळ शेजारच्या स्वच्छ भागावर पसरतो. मग दुसऱ्या, पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या कापडाने एकदा पुसा, म्हणजे क्लीनर मागे राहणार नाही. कापडाची घडी दर वेळी बदला.

ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची फुगीर कड सगळ्यात मळकी असते, कारण चढता-उतरताना रोज तिच्यावरूनच घसरत जातो. मी पहिल्यांदा तिथे पुसलं तेव्हा कापड चहा गाळलेल्या फडक्यासारखं झालं. दुसऱ्यांदा पुसलं तेव्हाही. तिसऱ्या वेळी जे दिसलं ते बघून मी थांबलोच: ती कड मला वर्षभर गुळगुळीत आणि चकचकीत वाटत होती, ती आता एकदम मंद, चमक नसलेली, शेजारच्या भागापेक्षा एक छटा उजळ झाली होती. कंपनीतून आलेली बहुतेक लेदर सीट मुळात चमकत नाही. चमकते ती माणसाच्या अंगाच्या तेलाने, घामाने आणि धुळीने. म्हणून कुठे पुसायचं बाकी आहे हे ओळखायला सोपी युक्ती: मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा, जिथे चमक दिसेल तिथे मळ.

स्टिअरिंग आणि गिअरची मूठ यांनाही हेच. तिथे हाताचा घाम रोज लागतो, त्यामुळे ते महिन्यातून एकदा पिळलेल्या ओल्या कापडाने पुसलं तर ब्रशची वेळच येत नाही.

झालं की दारं उघडी ठेवून तासभर जाऊ द्या. हेअर ड्रायर नको.

डाग

हळदीपासून सुरुवात करतो, कारण त्यात मी स्वतः पोळलोय. एका दसऱ्याला काकूने गाडीच्या पूजेत बॉनेटबरोबर ड्रायव्हर सीटलाही प्रेमाने हळदीकुंकू लावलं. मी संध्याकाळी साबणाच्या पाण्याचा बोळा घेऊन गेलो आणि बघता बघता पिवळा डाग विटकरी लाल झाला. प्रत्येक मराठी घरात कपड्यांवर हे पाहिलेलं असतं, ऐन वेळी मात्र आठवत नाही: साबण अल्कधर्मी, आणि अल्क लागला की हळद लाल होते. हळदीवर साबण नको. कोरडी पूड आधी व्हॅक्यूमने उचला, बोटाने झटकू नका. मग सौम्य क्लीनर, टिपून, दोन-तीनदा. फिकट पिवळी छटा उरली तर गाडी काही दिवस सकाळच्या उन्हात ठेवा, हळदीचा रंग उन्हात उडतो. कुंकवाचं तसं नाही. बाजारातल्या कुंकवात बहुतेकदा कृत्रिम रंग असतो आणि तो ओला झाला की लेपात मुरतो, म्हणून कुंकू आणि गुलाल जितके कोरडे उचलाल तितकं बरं.

जीन्सचा निळा रंग बेज सीटवर हमखास उतरतो. ताजा असेल तर क्लीनर आणि ब्रशने निघतो, दोन वर्षांचा असेल तर पूर्ण निघत नाही. (उन्हाळ्याच्या आणि धुळीच्या देशात बेज सीट इतक्या आवडीने का घेतात हे मला कळलेलं नाही. मी घेतली तेव्हा स्वस्तात मिळाली, बहुधा त्याच कारणाने.)

बॉलपेनची रेघ दिसल्या दिसल्या कानातल्या कापसाच्या काडीला क्लीनर लावून रेघेवरूनच, बाजूला न सरकता फिरवा. स्पिरिटने शाई निघते हे खरं, पण लेपही निघतो. जुनी शाई लेपात उतरलेली असते, तिला हात लावू नका.

बुरशी हा आपल्या कोकणपट्टीचा खास पाहुणा. जुलैत गाडी पंधरा दिवस बंद राहिली की सीटवर पांढरट-हिरवी लव धरते. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला एवढं पुरतं, आणि मुंबई-ठाण्यात पावसाळाभर ती त्याच्या वरच असते. नाकातोंडाला मास्क लावा, गाडी उघड्यावर न्या, सगळी दारं उघडा. लव व्हॅक्यूमने उचला. घरातला व्हॅक्यूम वापरलात तर पिशवी नंतर बाहेरच रिकामी करा. मग क्लीनरने पुसा. तरी परत येत असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मे-निम्मे, आधी कोपऱ्यात चाचणी घेऊन, कापडावर घेऊन एकदाच हलकं पुसा आणि वाळू द्या. वर सांगितलेलं स्पिरिटचं भय इथेही आहे, म्हणून पातळ आणि एकदाच.

पण सीट पुसून बुरशी जात नसते. पायाखालचे मॅट उचला आणि खालचा गालिचा तळहाताने दाबा. ओल लागली तर खरा रोग तिथे आहे. ओल्या छत्र्या, रेनकोट, दाराचं रबर, सनरूफचं पाणी वाहून नेणारी नळी, आणि सगळ्यात जास्त वेळा एसीच्या पाण्याची तुंबलेली नळी. एसी लावून उभ्या गाडीखाली दमट दिवसातही पाण्याचा थेंब पडत नसेल तर गॅरेजवाल्याला तेवढंच दाखवा.

कंडिशनर, कंजूषपणे

सीट पूर्ण वाळली, आता बाटली उघडा. रुपयाच्या नाण्याएवढा कंडिशनर कापडावर, त्यात अख्खी बसायची गादी. पातळ हात मारा, वीस-पंचवीस मिनिटं थांबा, मग कोरड्या कापडाने जोरात पुसून काढा. हो, पुसून काढा. लेपातून जेवढं आत जायचं तेवढं शिवणी आणि बारीक सुरकुत्यांतून गेलेलं असतं. वर उरलेलं म्हणजे पुढच्या आठवड्याच्या धुळीला निमंत्रण. भोकं असलेल्या भागावर कंडिशनर भोकांत भरू देऊ नका, भरलाच तर मऊ ब्रशने काढा.

पुसल्यावर सीट चमकली तर जास्त झालं. हात फिरवल्यावर कोरडी, मंद आणि किंचित मऊ लागली तर बरोबर. पुढचा तासभर बसू नका, फिकट कपड्यांत तर नाहीच.

पुन्हा कधी

दर आठवड्याला कोरडं कापड आणि व्हॅक्यूम. क्लीनर तीन-चार महिन्यांतून एकदा. रोज ठाणे-अंधेरी करणाऱ्याने ड्रायव्हरच्या सीटपुरता दोन महिन्यांनी. कंडिशनर वर्षातून दोनदा पुरे, एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर आणि एकदा पावसानंतर. नागपूर-जळगावकडच्यांनी पैसे कंडिशनरवर घालण्यापेक्षा काचेला लावायच्या घडीच्या सनशेडवर घालावेत. कातडं कोरडं पडतं, लेप तडकतो तो ऊन आणि उष्णतेने, आणि त्यावर सावलीइतका स्वस्त उपाय नाही. लहान मुलाची सीट बसवली असेल तर तिच्याखाली जुना टॉवेल घाला, नाहीतर तिच्या पायांचे खळगे कायमचे राहतात.

तडा गेलेला असेल तर कुठलाही कंडिशनर तो भरत नाही, बाटलीवर काहीही छापलेलं असो. लेपावर केसासारख्या रेषा असतील तर लेदर दुरुस्तीचा फिलर आणि रंग मिळतो, पण रंगाची छटा जुळवणं घरी जमत नाही. कातडंच फाटलं असेल तर कुशनवाला गाठा. तो पूर्ण सीट बदलायचा भाव सांगेल. तुम्ही फक्त फाटलेला पॅनेल उसवून नवा बसवायचा भाव विचारा. एअरबॅगवाल्या बाजूची शिवण मात्र त्याला उसवू देऊ नका, ती ठरावीक दोऱ्याने अशी घातलेली असते की एअरबॅग फुगताना तिथूनच फाटावी. ते काम कंपनीच्या वर्कशॉपचं. निघताना त्याच्याकडून खऱ्या लेदरचं एखादं कात्रण मागून घ्या, तो फुकट देतो. घरी आणून त्यावर क्लीनर, साबण, हळद, पेन, खोबरेल सगळं लावून बघा. मी तेच आधी केलं असतं तर डिसेंबरातली ती पहाट टळली असती.